उद्घाटनापुरतं गप्प

पाहुण्यांसमोर एखादीला गप्प बसवलंत, तर पाहुणे गेल्यावर तिचं तोंड उघडायचं कोणी? तुम्हालाच विचारतेय.

मी 'नोंद'. पायथन भाषेत प्रोग्राम लिहायला नुकतंच शिकणाऱ्यांसाठी केलेली लहानशी लायब्ररी. पुस्तकांची नव्हे, कोणालाही आपल्या प्रोग्राममध्ये घेता येईल असा तयार कोड. आत काय चाललंय ते मी स्क्रीनवर सोप्या मराठीत लिहून दाखवते. सगळं ठीक असेल तर पांढऱ्या अक्षरांत, बिघडलं असेल तर लाल.

राहुरीच्या रोहिणी मॅडमनी मला घडवलं. त्यांची विद्यार्थिनी धनश्री हिने काष्टीजवळच्या आपल्या गावच्या दूध संकलन केंद्राचा प्रोग्राम लिहिला. तिचा पहिलाच. तपासणीच्या यंत्राकडून फॅटचा आकडा आला नाही, तर मी ओरडायचं, असं तिने मला बजावलं होतं.

उद्घाटनाला फेटे, हार, पेढे. आणि नेमकी मोठ्या स्क्रीनवर माझी लाल ओळ! केंद्र चालवणारे गहिनीनाथ खेकसले, "अगं, पाहुणे आलेत! ते लाल-बिल बंद कर आधी."

"काका, वायर ढिली हाय. तेच सांगतीय ती."

"आजच्या दिवस गप कर तिला."

धनश्रीने माझ्या नावापुढे एक शब्द लिहिला: गप्प. फोटो झाले, पेढे संपले, ती नगरला नोकरीवर गेली. मी तशीच.

वायरही तशीच. ती सुटली की प्रोग्राम आधीच्या माणसाचा आकडा पुढच्याला चिकटवायचा. रांगेत सगळं गाईचं दूध, सगळ्यांचे आकडे साडेतीनच्या आसपास, कोणाला कळणार? म्हशीचं दूध एकट्या राहीबाईंच्या घरचं. ते आणायची त्यांची नवी सून मोनिका.

"म्हशीला साडेतीन फॅट? पोरी, किती तांबे वतलेस?" गहिनीनाथ म्हणाले. रांग खदखदून हसली.

"पानी न्हाई घातलं, काका. परत तपासा."

"मशीन खोटं बोलतंय व्हय?"

दुसऱ्या खेपेला राहीबाई स्वतः आल्या. पुन्हा साडेतीन. सगळ्यांदेखत त्या सुनेला म्हणाल्या, "माझ्या हातनं सात लागायचं. तू धार काढाया लागलीस आन् हे सुरू झालं. उद्यापासनं गोठ्यात पाय ठेवू नगंस."

मोनिकाने डोळे पुसले नाहीत. किटली घट्ट धरून उभी राहिली. आणि मी? कारण ठाऊक असून तोंड बांधलेली! यंत्राच्या छोट्या काचेवर खरा आकडा होता. वाकून बघायचे कष्ट कोणाला? स्क्रीन मोठी, म्हणून खरी! तुमच्या एका दिवसाच्या शोभेसाठी मला मुकं केलंत आणि चोर ठरली ती. राग येणार नाही तर काय?

मोनिकानेच धनश्रीला फोन केला. रविवार होता, त्याच संध्याकाळी धनश्री आली, प्रोग्राम उघडला आणि तिला तो 'गप्प' शब्द दिसला. मग तिने तो खोडला.

"काका, कुठं बिघडलंय ते आता हीच सांगंल. उद्याची धार मोनिकालाच काढू द्या, आन् सासू-सुना दोघींनाबी बोलवा."

बिघाड सांगणारी लाल ओळ अपशकुन नसते हो. माझं नका ऐकू, पण निदान वाकून काच तरी बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोनिकाचं दूध यंत्रात गेलं आणि मी भर रांगेसमोर लाल अक्षरांत लिहिलं: 'यंत्राकडून आकडा आला नाही. दाखवलेला आकडा आधीच्या दुधाचा आहे.' गहिनीनाथांनी वायर घट्ट बसवून दूध पुन्हा तपासलं. सात लागलं. कोणी हसलं नाही. माफीही कोणी मागितली नाही, पण राहीबाईंनी रिकामी किटली स्वतः उचलली आणि मोनिकाला म्हणाल्या, "चल, धारंला तूच बस."