उभ्या चौकटीतला दादा

दादा आणि मी काचा बसवतो. मोठी काच जिन्यावरून उतरवायची तर दादा खालच्या टोकाला, उलट्या पावलांनी. त्याला मागचं काही दिसत नाही. मी वरच्या टोकाला. मी "पायरी" म्हणालो की तो पाय टाकतो, "वळण" म्हणालो की वळतो. बावीस वर्षांत एका काचेला तडा नाही.

माझ्या पुतणीने आमचा असाच एक व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला आणि तो लाखभर लोकांनी पाहिला. त्यात दादा आहे, अर्धी काच आहे, मी नाही. माझा आवाजही नाही, वर गाणं लावलंय. एका हॉटेलवाल्याने 'त्या व्हिडिओतल्या माणसाला' सगळ्या आरशांचं काम दिलं. दादा एकटाच जाऊन बोलणी करून आला.

मी विचारलं तर खापर फोनवर फुटलं. फोन म्हणे उभाच धरतात. एका हाताने काढायचा, एका हाताने बघायचा, आडवा करायचे कष्ट घेतो कोण? "उभ्यात एकच माणूस मावतो, त्याला मी काय करू?" दादा म्हणाला. मला पटलं. मी पडलो भोळा सांब.

परवा पुतणीकडे गाण्याशिवायचा मूळ व्हिडिओ मागितला. बायकोला माझा आवाज ऐकवायचा होता, एवढीच हौस. पोरीने सरळ मनाने लावून दिला. आडवा होता. जिना अख्खा, काच अख्खी, आणि वर मी, घामाघूम, "पायरी, पायरी" करत.

माझा चेहरा बघून ती चाचरली. "बाबांनीच कापायला सांगितलं, काका. तुम्हाला विचारलंय म्हणाले."

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. परका असता तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. सख्ख्या भावाला काय बोलायचं?

आज त्याच हॉटेलातला जुना आरसा खाली आणायचा होता. त्यासाठी मात्र मला बोलावणं आलं, दुसरं टोक कोण धरणार? दादाने पाऊल मागे उचललं. मी गप्प राहिलो. त्याचा पाय हवेतच थांबला.

"बोल ना," तो म्हणाला.

"आधी आरसा टेकव."

त्याने टेकवला. मी हातमोजे काढून कठड्यावर ठेवले.

"आता गाणं लाव, दादा," मी म्हणालो, "आणि उतर."