राहिलेली तार

"काका, नंबरांची तार कुठंय?"

ललितनं स्क्रीनवर बोट टेकवलं आणि योगराजनं चहाचा कप खाली ठेवला.

सुरतेच्या उधन्यातल्या त्या लेझर-कटिंगच्या वर्कशॉपमध्ये योगराज कॉम्प्युटरवर बसायचा. मूळचा वेल्डर, चाळिशीत हे शिकला. प्रोग्राम लिहायचा नाही, मांडायचा. तयार डब्या स्क्रीनवर ठेवायच्या, तारांनी जोडायच्या. एकीत पत्र्यांची वजनं, एकीत नंबर, मधे क्रम लावणारी डबी. हलक्यापासून जडापर्यंत यादी तयार! शेजारच्या टेबलावरचा ललित मात्र सगळं स्वतः टाइप करायचा. "दहा ओळी लिहून देतो काका, वजन आणि नंबर जोडीनंच हलतील," असं तो कालच म्हणाला होता. "तू सुटीवर गेलास की तुझ्या ओळी वाचणार कोण? मला माझं डोळ्यांनी दिसतं," योगराजनं त्याला उडवून लावलं होतं. बोलणं काही खोटं नव्हतं. पण त्यात ताठाही होता, उगीच कशाला लपवा!

आज सकाळी शेठनं दोन पत्रे वाढवले. योगराजनं तारा सोडल्या, पुन्हा जोडल्या. वजनांची जोडली, नंबरांची राहिली. वजनं शहाण्यासारखी चढत्या क्रमानं लागली आणि नंबर जुन्याच रांगेनं पुढे गेले. कुणाचं वजन कुणाच्या नावावर! आणि ती यादी साइटवर जाऊन पोचली होती.

साइटवर, एका नव्या मार्केटच्या दर्शनी भिंतीला, योगराजच्या बायकोचा धाकटा भाऊ आनंदा परांचीवर उभा होता. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले ते पत्रे दिसायला सगळे सारखे. हलका असेल तर दोरानं ओढायचा, जड असेल तर चेन-पुलीनं. कुठला कशानं, ते यादी सांगणार.

योगराजनं फोन लावला. वाजत राहिला. परांचीवर फोन न्यायचा नाही, डब्याच्या पिशवीत ठेवायचा, ही सक्ती त्यानंच केली होती मेव्हण्याला. आता बसा बोंबलत!

"गाडी काढ, ललित!"

ओव्हरब्रिजखाली टेम्पो आडवा. ललित हॉर्न वाजवतोय, टेम्पोवाला गुजरातीत शिव्या देतोय, आणि मागे बसलेल्या योगराजला बायकोचा, जयश्रीचा चेहरा दिसतोय. तिला काय सांगायचं? तुझ्या भावाला मी मारलं?

पोचले तेव्हा पत्रा अर्ध्या भिंतीपर्यंत चढला होता. दोरानं. खाली दोर धरलेला सखाराम ओरडत होता, "आनंदा, लई जड लागायलंय रे!"

"ओढ की!" वरून आनंदाचा आवाज आला. "दाजींनी काढलंय वजन. हलकाच हाय!"

"खाली सोड!" योगराज किंचाळला. "आनंदा, यादी चुकली! मागं सरक!"

त्यानं धावत जाऊन सखारामच्या मागं दोर धरला. ललितही धावला. तिघं मिळून पत्रा उतरवू लागले. अर्ध्यावर दोर सुटला. योगराजचे तळवे सोलपटले. पत्रा कोपऱ्यावर आदळला आणि सखारामच्या पायाशी फरशीचे तुकडे झाले. कुणाला लागलं नाही. देवाची कृपा, दुसरं काय!

आनंदा खाली उतरला.

"मशीन बिघडलं काय, दाजी?"

सगळे बघत होते. हो म्हटलं असतं तर ललितही गप्प राहिला असता.

"मशीनला कसली धाड भरलीय! माझी चूक. एक तार जोडायची राहिली."

आनंदानं पाण्याची बाटली आणली. योगराजच्या तळव्यांवर पाणी ओतलं. "असू द्या. व्हतंय कवा कवा."

वर्कशॉपात परत जाऊन योगराजनं तार जोडली. ललितनं आपल्या ओळी लिहून तीच यादी काढली. दोन्ही तंतोतंत जुळल्या. योगराजनं तरीही पुन्हा ताडून पाहिल्या आणि यादी घेऊन तो स्वतःच साइटवर आला.

"सतरा नंबर," त्यानं वाचलं. "हलका. दोरानं ने."

"व्हय दाजी," आनंदा नेहमीसारखंच अदबीनं म्हणाला.

मग तो खाली वाकला. बुटाची नाडी बांधतोय असं दाखवत त्यानं सतरा नंबरच्या पत्र्याखाली बोटं घातली आणि कोपरा हळूच उचलून पाहिला.

योगराजनं मान दुसरीकडे वळवली.