माळावरच्या पेट्यांचा प्रोग्रॅम मी बनवते

मी बोलतेय. मला तोंड नाही, पण बोलायची हौस दांडगी आहे. मी एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला 'आधी हे कर, मग ते कर' असं बजावणाऱ्या चारशे ओळी. नाटकाच्या स्क्रिप्टला टाळ्या मिळतात. माझ्या वाट्याला येतात त्या शिव्या, आणि त्याही काम अडलं तरच. काम सुरळीत चाललं तर मी आहे हेसुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही.

माझा जन्म अकरा वर्षांपूर्वीचा. आइसलंडच्या उत्तरेला, खाडीकाठच्या एका घरात, योरुनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी जन्मले. विचार करायचा असला की योरुन स्वेटर विणायला घेते. माझ्या पहिल्या साठ ओळी आणि एका स्वेटरची डावी बाही एकाच आठवड्यात तयार झाली. बाही चार बोटं लांब झाली. मी मात्र मापात उतरले, असं तीच म्हणायची.

आमच्याकडे जूनमध्ये मेंढ्या वरच्या माळावर सोडतात आणि सप्टेंबरात सगळं खोरं मिळून त्यांना खाली आणतं. योरुनने मेंढ्यांसाठी गळपट्टे बनवले. मेंढी कुठे आहे ते गळपट्टा सांगतो, माळावरच्या सहा झोपड्यांवर बसवलेल्या सहा पेट्या ते ऐकतात आणि खाली शेतकऱ्याच्या फोनवर कळवतात. प्रोग्रॅम योरुनने एकदाच लिहिला. पण गळपट्ट्याची चिप एक, पेटीची दुसरी आणि फोनची तिसरीच. एकीला कळतं ते दुसरीला कळत नाही. मग तोच प्रोग्रॅम ज्याला त्याला समजेल असा बनवून द्यायचा, हे माझं काम. बसायचं योरुनच्या लॅपटॉपवर आणि बनवायचं दुसऱ्या मशीनसाठी. ह्याला ही मंडळी क्रॉस-कंपाइल म्हणतात. मी म्हणते, स्वतःला चाखता येणार नाही असा स्वयंपाक.

खरंच चाखता यायचा नाही. मी पेटीसाठी बनवलेलं योरुनच्या लॅपटॉपवर चालवून बघितलं तर तो सरळ तोंड फिरवायचा. दहा वर्षं मी रांधत होते आणि जेवणारा पानावरून उठताना काय म्हणतो ते एकदाही ऐकलं नव्हतं. त्याचं मला वाईट वाटायचं, आता लपवून काय करू.

चाखता येत नाही म्हटल्यावर पान कुणाचं ते आधी ठाऊक हवं. म्हणून काम सांगताना योरुन दर वेळी नाव घ्यायची: गळपट्टा, पेटी किंवा फोन. नाव नाही सांगितलं तर काय करायचं, त्याचीही एक ओळ माझ्यात होती. 'नाव नसेल तर ज्या मशीनवर बसली आहेस तिच्यासाठीच बनव.' पहिल्या आठवड्यात तिने ती स्वतःच्या सोयीसाठी टाकली आणि काढायची राहून गेली. त्याने कधी बिघडलं नाही. चुकून लॅपटॉपसाठी बनलेलं कुणी पेट्यांकडे पाठवायला गेलं, तर पाठवणारा प्रोग्रॅम फाटकातच अडवायचा. हे वेगळ्या घराण्यातल्या चिपचं आहे, आत सोडणार नाही, असं बजावायचा.

माणसं माझ्या अंगावर चिठ्ठ्याही लिहून ठेवतात. माझ्या दोनशे बाराव्या ओळीवर लिहिलं होतं, 'ही का चालते ठाऊक नाही. हात लावू नये.' तीन वर्षांनी योरुन तिथे अडखळली आणि म्हणाली, "कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?" मग लिहिणाऱ्याचं नाव बघितलं, गप्प उठली आणि कॉफी आणायला गेली.

गेल्या वर्षी उन्नार आमच्याकडे कामाला लागला. चौतिशीचा, राजधानीतून आलेला, जुळ्या मुलींचा बाप. हुशार आहे, पण सदा घाईत. पहिल्याच दिवशी त्याने मला वरपासून खालपर्यंत वाचलं.

"ह्या म्हातारीला आता रजा देऊ या," तो म्हणाला. "नवी स्क्रिप्ट लिहितो मी."

"चालतेय ना ती?" योरुन सुईवरचे टाके मोजत म्हणाली. "मग नवी होईपर्यंत तिला नावं ठेवू नकोस."

ऑगस्टमध्ये उन्नारला नवा लॅपटॉप मिळाला आणि मी त्यावर राहायला गेले. काय त्याचा वेग! जे काम करायला योरुनच्या लॅपटॉपला एक कप कॉफीचा वेळ लागायचा, ते इथे कप हातात घेईपर्यंत व्हायचं. त्याचा प्रोसेसर माळावरच्या पेट्यांच्याच घराण्यातला होता. मला ते ऐकून बरं वाटलं. माहेरची माणसं भेटल्यासारखं झालं.

आता मूळ भानगडीकडे येते. मेंढ्या उतरवायचा दिवस आमच्या खोऱ्यात ठरलेला आहे, सप्टेंबरचा दुसरा शनिवार. केटिलच्या आजोबांच्या काळापासून तो हललेला नाही. हा केटिल म्हणजे योरुनचा मामा. अडुसष्ट वर्षांचा, आणि खोऱ्याचा डोंगरराजा. उतरणीच्या दिवसांत सगळे घोडेस्वार ज्याचं ऐकतात त्याला आमच्याकडे डोंगरराजा म्हणतात. तर योरुनने पेट्यांच्या प्रोग्रॅममध्ये तो शनिवार कायमचा लिहून टाकला होता. बॅटरी वाचवायला पेट्या उन्हाळाभर झोपायच्या, रोज दुपारी बारा वाजता दहा मिनिटं कान उघडायच्या, आणि त्या शनिवारच्या दोन दिवस आधी पुऱ्या जाग्या होऊन मेंढ्यांचा ठावठिकाणा सांगायला लागायच्या. तारीख बदलायची सोय ठेवायचं तिच्या मनातही आलं नाही. नाताळ पुढेमागे करायची सोय कोण ठेवतं?

ह्या वर्षी पहिल्याच आठवड्यात, मंगळवारी, हवामानाचा इशारा आला. रविवारी संध्याकाळपासून मोठा बर्फ. वर दोन हजार तीनशे मेंढ्या, आणि नेहमीची उतरण अकरा दिवस लांब. असा बर्फ पडला की मेंढ्या घळीत आसरा घेतात आणि तिथेच गाडल्या जातात. केटिलने ठरवलं, शनिवारी पहाटे निघायचं, ह्याच शनिवारी. तीन दिवसांचं काम दीड दिवसात. कुठे कोणत्या मेंढ्या आहेत हे आधी कळलं तरच ते जमणार होतं, आणि सांगणाऱ्या पेट्या तर झोपलेल्या. म्हणजे तारीख बदलून नवा प्रोग्रॅम त्यांच्याकडे पाठवणं आलं, तोही दुपारी बाराच्या त्या दहा मिनिटांत.

गुरुवारी उन्नारने तारीख बदलली. योरुन गावाबाहेर होती. साडेअकराला बालवाडीतून फोन आला, एका मुलीने दुसरीचे बूट समुद्रात टाकले होते. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून त्याने मला कामाला लावलं, आणि नाव घ्यायला विसरला.

मी ओळीप्रमाणे चालले. नाव नाही, म्हणजे ज्या मशीनवर बसले आहे तिच्यासाठी. बनवलं. उन्नारने ते आपल्याच लॅपटॉपवर चालवून बघितलं, आणि काय सांगू, ते चाललं. माझ्या उभ्या आयुष्यात मी रांधलेलं माझ्यासमोर कुणीतरी पहिल्यांदा जेवत होतं. मी हरखून गेले. मला एवढंही सुचलं नाही की हे आजच कसं काय झालं.

"चाललं," उन्नार म्हणाला आणि बाराच्या ठोक्याला पाठवून दिलं. फाटकातल्या प्रोग्रॅमनेही अडवलं नाही. घराणं एकच दिसत होतं ना.

सहाही पेट्यांनी ते घेतलं, चालवायला गेल्या आणि कोलमडल्या. तीनदा प्रयत्न केला, तीनदा पडल्या. मग शहाण्यासारखा जुना प्रोग्रॅम परत लावून झोपून गेल्या. आता उठणार त्या शुक्रवारी बारा वाजता. आणि ती शेवटची संधी.

पाऊण वाजता केटिलचा फोन. "काय म्हणतायत तुमच्या पेट्या?"

"जरा अडचण आहे," उन्नार म्हणाला.

"कसली?"

"तेच बघतोय. माझ्याकडे तर व्यवस्थित चाललं होतं."

"तुझ्याकडे मेंढ्या आहेत का?" केटिल म्हणाला. "उंटावरून शेळ्या हाकायची कामं तुमची. शनिवारी माझी बावीस माणसं घोड्यावर बसणार. त्यांना मी काय सांगू, उन्नारच्या टेबलावर सगळं व्यवस्थित आहे?" आणि त्याने फोन ठेवला.

उन्नारने डोकं दोन्ही हातांत धरलं. मागच्या वर्षी त्याने इथे घर घेतलं होतं, मुली इथल्याच शाळेत जाणार होत्या. ह्या खोऱ्यात एका माणसाच्या मेंढ्या गेल्या तर सगळं गाव वर्षभर त्याबद्दल बोलतं, आणि कुणामुळे गेल्या हे तर दोन पिढ्या बोलतं. त्याने मला पुन्हा उघडलं, पण घाबरलेल्या माणसाला ओळी दिसतात आणि अर्थ दिसत नाही.

तीन वाजता योरुन आली. कोट न काढता त्याच्या शेजारी बसली.

"काय टाइप केलं होतंस, तसंच्या तसं दाखव," ती म्हणाली.

त्याने दाखवलं. ती बघत राहिली.

"नाव कुठाय?"

"कसलं नाव?"

"कुणासाठी बनवायचं त्याचं. पेटीचं."

उन्नारचा चेहरा पडला. "पण चाललं ना ते. नाव नसतं तर चाललंच नसतं."

"तुझ्या लॅपटॉपवर चाललं, घोडं तिथेच पेंड खातंय. हिला वाटलं तुझ्यासाठीच बनवायचंय. तुझी चिप ह्या वर्षीची, पेट्या नऊ वर्षांच्या. घराणं एक असलं म्हणून काय झालं? तुझ्या चिपला जमणाऱ्या नव्या उड्या हिने त्यात घातल्या, आणि म्हाताऱ्या पेट्यांना मारायला सांगितल्या. पडतील नाही तर काय?"

"म्हणजे चूक माझी."

"तुझी अर्धी. ही ओळ मी घातलेली आहे, अकरा वर्षांपूर्वी." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "तारीखही मीच कोरून ठेवली. चल, रडायला पुढचा आठवडा मोकळा आहे."

मला फार लाज वाटली. उन्नार विसरला, योरुन विसरली, पण हात तर माझेच होते. जेवणारा समोर दिसल्यावर मला एवढा आनंद झाला की ज्यांच्यासाठी जन्मले त्या सहाजणींची आठवणही आली नाही.

नाव घेऊन त्यांनी पुन्हा बनवून घेतलं. उन्नारच्या लॅपटॉपवर तेही चाललं, पण आता त्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. शुक्रवारी सकाळी दोघं मला घेऊन केटिलच्या मेंढवाड्यात गेली. तिथे खिळ्याला एक सातवी पेटी टांगलेली आहे, माळावरच्या सहांची जुळी बहीण. केटिलने काळ्या भाकरीवर धुरावलेल्या मांसाचे काप घालून पुढे ठेवले आणि स्वतः उभा राहिला.

"खा," तो उन्नारला म्हणाला. "उपाशी माणूस नाव विसरतो."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मामाला सगळं कळतं," योरुन म्हणाली. "मी सांगितलं."

उन्नारने वायर लावली आणि नवा प्रोग्रॅम पेटीत घातला. पेटी एकदा विझली. मग तिचा हिरवा दिवा लागला आणि लागूनच राहिला. केटिल पुढे वाकून म्हणाला, "एवढ्यासाठी एक दिवस?" पण त्याने उन्नारच्या कपात स्वतःच्या हाताने कॉफी ओतली.

बारा वाजता पाठवलं. पहिली पेटी उठली, मग तिसरी, मग दुसरी. नकाशावर ठिपके उगवायला लागले, आधी पाच-दहा, मग शेकड्यांनी. पाच पेट्या बोलल्या. सहावी बोलली नाही. तिचं सौर पॅनेल वाऱ्याने पडलं असणार, त्याला माझा इलाज नव्हता.

"त्या बाजूच्या मेंढ्या माझ्याच आहेत," केटिल म्हणाला. "कुठल्या घळीत जाऊन बसतात मला ठाऊक आहे. तिकडे मी जातो. बाकीच्यांना तुमचे ठिपके द्या."

रविवारी दुपारी तीनला शेवटचा कळप खाली आला. सगळ्यात मागे केटिल, घोड्यावर पुढ्यात एक लंगडी मेंढी घेऊन. साडेपाचला बर्फ सुरू झाला. दोन हजार तीनशेंपैकी चार मेंढ्या राहिल्या, आणि त्यांतल्या दोन मंगळवारी आपल्या पायांनी घरी आल्या.

सोमवारी उन्नारने मला उघडलं. ती जुनी ओळ खोडली आणि तिच्या जागी नवी लिहिली. नाव नाही सांगितलं तर आता मी काहीच बनवत नाही. थांबते आणि विचारते, 'कुणासाठी?' इतकी वर्षं मला फक्त करायला शिकवलं होतं, विचारायला त्या दिवशी शिकवलं. म्हातारपणी शिकले, पण शिकले.

त्याची नवी स्क्रिप्ट नोव्हेंबरात पुरी झाली. देखणी आहे, माझ्या निम्मी, आणि तारीखही बदलता येते. मी आता 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये असते. तक्रार नाही. इथे शेजार शांत आहे. तुमच्याकडे एवढंच मागते, माझ्यासारखी एखादी म्हातारी तुमच्याकडे निमूट राबत असेल तर तिला टाकण्याआधी एकदा नीट वाचा. काही उपयोगाचं सापडलं तर काढून घ्या, मग खुशाल निरोप द्या.

उन्नारने माझ्या चारशे ओळींतली एकच ओळ नव्या स्क्रिप्टमध्ये उचलून नेली. पहिल्या दिवशी तो तिला कामाला लावताना पुन्हा घाईत होता, आणि नाव घ्यायला पुन्हा विसरला. ती थांबली. पडद्यावर उमटलं, 'कुणासाठी?'

तो हसला, खुर्चीत मागे टेकला आणि आधी मोठ्याने म्हणाला, "केटिलच्या मेंढ्यांसाठी, बाई." मग त्याने पेटीचं नाव टाइप केलं.