उलट्या तारांची गिटार

मी जुनी आहे, मी गिटार आहे, आणि माझ्या तारा उलट्या बसवलेल्या आहेत. मित्रांनो, पहिल्या दोन गोष्टींचं कोणाला काही वाटत नाही. वय सगळ्यांचंच होतं, आणि गिटार तर आता गल्लोगल्ली दिसते. तिसऱ्या गोष्टीवर मात्र लोक मला हसले आहेत. एकदा तर अख्खा मांडव हसला. म्हणून ती गोष्ट दुसऱ्या कोणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

माझा जन्म कोलकात्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून पेटीत बसून मी अकोल्याच्या वाद्यांच्या दुकानात आले. दुकानदाराने मला ढोलक्या आणि एकतारींच्या मधे टांगलं. भजनी मंडळं येत, टाळ घेत, मृदंगाला शाई लावून घेत, आणि जाता जाता माझ्याकडे बोट दाखवून "हे कायचं होय?" असं विचारत. दोन वर्षं मी तशीच टांगून होते. आपला जन्म वाया जाणार, असं मला वाटायला लागलं होतं.

मग एका सकाळी हिरालाल आला. रिसोडपासून कोसभर अंतरावर त्याचा भाजीचा मळा. वांग्याची पोती अकोल्याच्या बाजारात उतरवून तो थेट दुकानात शिरला होता आणि त्याच्या हाताला अजून ओल्या मातीचा वास येत होता. त्याने मला नीट पाहिलंसुद्धा नाही. "हेच. त्या क्याशेटमदी हेच हाय," एवढंच तो म्हणाला.

ती कॅसेट म्हणजे एक गंमतच होती. रिसोडला बबनरावांची व्हिडिओ लायब्ररी होती. सिनेमांच्या गठ्ठ्यात त्यांच्याकडे परदेशातल्या एका रॉक बँडच्या कार्यक्रमाची कॅसेट चुकून आली. कोणी नेईना. शेवटी त्यांनी ती हिरालालच्या हातात कोंबली आणि म्हणाले, "घेऊन जा बावा, याच्यात नुसते केसच केस हायेत." हिरालालने ती घरच्या व्हीसीआरवर लावली आणि त्या दिवसापासून तो वेडा झाला. खोटं कशाला सांगू, त्याच्या वेडामुळेच मी खुंटीवरून खाली उतरले.

पुढे त्याने अशा कॅसेटी जमवायला सुरुवात केली. अकोल्याच्या फुटपाथवर, अमरावतीच्या जुन्या बाजारात, ओळखीतला कोणी आखातातून आला की त्याच्याकडे, जिथे मिळेल तिथे. इंग्रजी नावं त्याला वाचता येत नसत. मग तो आपल्या मनाने नावं ठेवी आणि चिठ्ठी चिकटवी. 'केसाळ चौघे', 'पावसातला बाजा', 'लाल प्यांटवाला', 'ढोलवाला पिसाळला'. अशा तेवीस कॅसेटी झाल्या. जगात त्यांना काय म्हणतात ते मला आजही ठाऊक नाही.

आता माझ्या तारांकडे येते. हिरालालला शिकवायला कोणी नव्हतं, टीव्ही हाच त्याचा गुरू. टीव्हीतल्या माणसाच्या गिटारीचा दांडा त्याला उजवीकडे दिसे, म्हणून त्यानेही माझा दांडा उजवीकडे धरला. समोरचा माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे, हे त्याच्या ध्यानीमनीच आलं नाही. आरशात बघून भांग पाडताना होतं, तसं झालं. मग एकदा पडद्यावर हात जवळून दिसला. त्यात जाड तार वर होती आणि उलटं धरल्यामुळे माझी जाड तार खाली! हिरालाल म्हणाला, "दुकानदारानं फसवलं. तारा उलट्या लावून देल्ल्या." त्याने सहाही तारा काढल्या, कानशीने माझ्या खाचा मोठ्या केल्या आणि वरची तार खाली, खालची वर अशी लावली. दोन आठवडे तो त्या बिचाऱ्या दुकानदाराला शिव्या घालत होता.

आणि मित्रांनो, तो वाजवायला शिकला! तसाच, उलटा.

आमचे ते दिवस फार चांगले होते. आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात. लाईन आली की एकाच वेळी दोन गोष्टी सुरू होत, विहिरीवरची मोटार आणि खोलीतला टीव्ही. हिरालाल मला मांडीवर घेऊन कॅसेटबरोबर वाजवी आणि त्याची बायको पंचफुला बाहेर वाफ्यांना पाणी देई. तिच्याजवळ घड्याळ नव्हतं. एक गाणं संपलं की एक वाफा भरला, असा तिचा हिशेब. 'केसाळ चौघे' लावली की काम अगदी बरोबर होई. 'लाल प्यांटवाला' मात्र घात करी. तो एकदा गिटार घेऊन सुटला की थांबतच नसे. त्याच्यापायी एकदा मेथीचा वाफा बुडाला. पंचफुला चिखलाच्या पायांनी दारात येऊन उभी राहिली. "अवो, त्या बुवाले सांगा ना आता बस कर म्हणून! मेथी पोहून राह्यली तिकडं." मग तिथेच उंबऱ्यावर टेकून ती ऐकत बसली. ती नेहमीच अशी समोर बसे. नावं ठेवी आणि ऐके.

त्यांना मुलगी झाली, प्रियदर्शनी. ती आठ वर्षांची होती तेव्हा रिसोडला शारदोत्सवात ऑर्केस्ट्रा आला होता. कोणीतरी म्हणालं, आपला हिरालालही वाजवतो, चढवा त्याला वर. हिरालाल नवा सदरा घालून, मला घेऊन स्टेजवर गेला. प्रिया पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायला तयार होती. त्याने मला धरलं मात्र, ऑर्केस्ट्रातला गिटारवाला माइकवर म्हणाला, "काका, आधी गिटार सुलटी तर धरा!" मांडव खदाखदा हसला. हिरालालने माझी एक तारही छेडली नाही. तो खाली उतरला, प्रियाचा हात धरला आणि घरी आला. मला त्याने फवारणीच्या पंपाशेजारी खिळ्याला टांगलं.

त्यानंतर तो मला वाजवायचा थांबला. एक वर्ष गेलं, पाच गेली, अठरा गेली. माझ्या पोटात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं. तारा गंजल्या. व्हीसीआर बंद पडून भंगारात गेला. हिरालाल खोलीत येई, पंप घेई, माझ्याकडे न बघता निघून जाई. मला त्याचा राग नव्हता आला. मला वाईट एवढंच वाटे की त्याला येत होतं, आणि येत नाही असं समजून तो म्हातारा होत चालला होता.

कॅसेटींचं काय झालं, ते त्यालाही माहीत नव्हतं. गव्हाच्या कोठीत कडुलिंबाचा पाला घालतात, तसा पाला घालून पंचफुलाने त्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. दरवर्षी ती पाला बदली. कशासाठी, ते तिने कोणाला सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीत प्रियाला तो डबा सापडला. ती आता वाशीमला नोकरी करते. तिने कॅसेटी अकोल्याला नेल्या आणि एका माणसाकडून पेनड्राइव्हमध्ये उतरवून घेतल्या. चार गेल्या, एकोणीस वाचल्या. मग ती मला वाशीमला भाऊसिंग यांच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. भाऊसिंग चष्मा वर करून म्हणाले, "ह्या तारा कोन्या शायन्यानं लावल्या? उलट्या हायेत सगळ्या."

"सरळ करा, काका," प्रिया म्हणाली. "माह्या बाबाले कोनी हसलं नाई पायजे आता."

मित्रांनो, मला वाचा असती तर मी त्या दुकानात ओरडले असते. त्या पोरीच्या मनात माया होती, पण ती त्याचे हात कापायला निघाली होती. भाऊसिंगांनी माझं पोट साफ केलं, नव्या तारा घातल्या, कारखान्यातून आले तेव्हा होत्या तशा, जाडीच्या जागी जाड, बारकीच्या जागी बारीक. मी नव्यासारखी दिसायला लागले आणि मला रडू येत होतं.

रविवारी दुपारी प्रियाने मला वडिलांच्या मांडीवर ठेवलं आणि टीव्हीवर 'केसाळ चौघे' लावली. हिरालाल कितीतरी वेळ मला नुसता चाचपत होता. मग त्याने मला पूर्वीसारखं धरलं आणि बोटं ठेवली. भलताच सूर निघाला. पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. प्रिया म्हणाली, "बाबा, आता इकडून धरा." त्याने तसंही धरून पाहिलं. त्याची बोटं परक्या घरात आल्यासारखी गोंधळली. त्याने मला खाली ठेवलं.

"मले येतच नव्हतं, प्रिया," तो म्हणाला. "थो ऑर्केस्ट्रावाला खरं बोलला होता. मीच उगाच येडा झालो होतो. उद्या शाळेत देऊन टाक हे."

प्रिया मला उचलून उलटसुलट बघायला लागली. आपण काय केलं ते तिला कळलंच नव्हतं.

पंचफुला बाहेर सांबाराच्या जुड्या बांधत बसली होती. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. ती उठून आत आली, हात लुगड्याला पुसले आणि मला ओढून घेतलं.

"हे तुमची नाई," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमची जाड तार या अंगाले असते. इतके वर्स म्या समोर बसून पायलं, मले नाई समजत काय?" आणि जुडीची गाठ सोडावी तशी ती माझ्या तारा सोडायला लागली.

"आई, पन लोकं..." प्रिया म्हणाली.

"लोकं गेले तेल लावत. बाबाचे हात असे हायेत, तं असे हायेत. त्याईले सरळ करतं काय आता?"

तिने चार तारांच्या जागा बदलल्या. पाचवी तिने इतकी ताणली की मी कण्हले. तेव्हा हिरालाल पुढे सरकला. "अवं, थांब, तुटन थे," म्हणत त्याने मला तिच्या हातून घेतलं. पाचवी त्याने लावली, सहावी लावली, कान जवळ आणून एकेक सूर जुळवला. प्रियाने गाणं पहिल्यापासून लावलं.

खरं सांगते, तो फार चांगलं वाजवू शकला नाही. अठरा वर्षांनी बोटं जड झाली होती. पडद्यावरचे चौघे पुढे निघून गेले, त्यांचं गाणं संपलं, तिथल्या हजारो लोकांनी टाळ्यांचा गजर केला. हिरालाल अजून शेवटच्या कडव्यात होता. तो थांबला नाही. त्या टाळ्यांमध्येच त्याने आपलं कडवं सावकाश पूर्ण केलं, आणि मग मान खाली घालून मला पोटाशी धरून बसला. प्रिया रडत होती. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ जरूर पुसा, त्यांना दुरुस्तही करा. पण एखादी वस्तू सरळ करण्याआधी तिच्या माणसाजवळ बसा आणि ती कशी धरतात ते त्याला विचारा. ती बिघडली आहे की त्याच्या हातात मुरली आहे, हे दुकानात कळत नाही.