उलटा ट्रे

"ताई, गेलेल्या माणसाच्या नावावर बिल निघतंच कसं?"

दवाखान्याच्या साहेबांनी कागद तिच्यापुढे धरला. नाव तिच्या नवऱ्याचं होतं. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"औषध उचलल्याशिवाय मी बिल करत नाही," ती म्हणाली.

ते खरंच होतं. दवाखान्यात बिलं करता करता तिचे केस पिकले होते. कंपाउंडर ट्रेमध्ये पाकीट आणि चिठ्ठी ठेवायचा. पेशंट पाकीट उचलून चिठ्ठीचा ट्रे आडोशाच्या फळीखालच्या फटीतून तिच्याकडे सरकवायचा. चिठ्ठी बघून ती बिल करायची. पेशंटचं तोंड तिला कधीच दिसत नसे. नवऱ्याचा ट्रे मात्र लगेच कळायचा, कारण तो मुद्दाम उलटा यायचा, चिठ्ठी खाली झाकलेली. ती चिडायची आणि फळीपलीकडे ते खुदकन हसायचे.

ते गेले, तरी महिन्याच्या महिन्याला ट्रे उलटा येत राहिला. हसू तेवढं ऐकू येईना. पहिल्यांदा तिने चिठ्ठीवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचलं आणि बिल केलं. मग ती त्या दिवसाची वाट पाहू लागली. अगदी वेड्यासारखी.

"वहिनी, चिठ्ठी चालू आहे म्हणून मी पाकीट ठेवतो," कंपाउंडर खालच्या आवाजात म्हणाला. "वळून बघतो तर पाकीट नाही. आणि रांगेतले लोक बघा ना, मधे एका माणसाची जागा सोडून उभे असतात. विचारलं तर म्हणतात, पुढे कोणीतरी आहे."

साहेबांना हे कोण सांगणार? "आज नाव बंद करा, नाहीतर कंपाउंडरची नोकरी जाईल," एवढं बोलून ते गेले.

दुपारी ट्रे आला. उलटा.

तिला रडू फुटलं. गोळ्या म्हटलं की तोंड वाकडं करायचे, म्हणून तिनेच त्यांना गळ्याची शपथ घातली होती, एकही चुकवायची नाही. जन्मभर बायकोचं एक ऐकलं नाही या माणसाने, आणि ऐकलं तर हे!

ती फटीशी वाकली. "अहो, शपथ सुटली. आता गोळ्या नकोत. गुडघे दुखतात ना तुमचे? मग येऊ नका एवढ्या लांब."

थोड्या वेळाने दुसरा ट्रे आत सरकला. सरळ. त्यात वर्षभराची पाकिटं होती, एकही फोडलेलं नव्हतं.

परत आलेल्या औषधाचं बिल रद्द करायचं असतं. डोळे पुसत तिने एकेक रद्द केलं, मग नाव बंद केलं. रिकामा ट्रे तिने उलटा केला, बाहेर सरकवला आणि कान देऊन बसली.

"अहो, हा ट्रे उलटा आलाय," पलीकडून एका बाईंचा आवाज आला.

"हो का?" ती म्हणाली. "सरळ करून घ्या."