खोट न काढणारं गिऱ्हाईक

ज्यानं गोधडी उलटून पाहिली नाही, त्या गिऱ्हाइकावर मी भरवसा ठेवत नाही. धाड गावच्या बाजारात हयात गेली माझी. खरा घेणारा आधी उलटी बाजू पाहतो, टाके चाचपतो, नाक मुरडतो. चोर तेवढा गोड बोलतो.

आणि ही अमेरिकेतली बाई गोडच बोलत होती. सहाच्या सहा गोधड्या पाहिजेत, फोटो फार सुंदर, लवकर पाठवा. त्या गोधड्यांत माझा आणि शेजारच्या बिस्मिल्लाचा अख्खा उन्हाळा गेला होता. सून काजल मोबाइलवर विकते. परदेशातलं हे तिचं पहिलंच गिऱ्हाईक.

गठ्ठा बांधून झाला आणि मोबाइल पाहून ती थबकली.

"काय झालं वं?"

"काही नाही आई. कार्डावरून पैसे भरले तिनं, फक्त पत्ता जुळला नाही म्हनते पैसे घेनारी कंपनी. माल पाठवाचा का नाही, ते आपल्यालेच विचारून राह्यले."

"कोनाशी जुळला नाही?"

मग तिनं सांगितलं. कार्डावर वस्तू घेताना घराचा पत्ता टाकावा लागतो, बँकेत दिलेला असेल तोच. तिकडची बँक त्यातले आकडे ताडून पाहते, घराचा नंबर आणि पिनकोड. अक्षरांच्या फारशी वाटेला जात नाही. हे मला पटलं. अक्षरं मलाही जड जातात, आकडे चटकन ओळखते.

"मंग आकडा कोनता चुकला?"

"दोन्ही."

"सोताच्या घराचं दार चुकते का कोनी? कार्ड चोरीचं हाय. कार्डाचा नंबर कार्डावर सापडते, मालकाचं घर थोडीच त्याच्यावर छापेल असते!"

"तुमाले सगळेच चोर दिसतात."

"आन् उद्या खरा कार्डवाला बोंबलला तं?"

"पैसे परत जातात," ती हळूच म्हणाली.

"आन् गोधड्या?"

मी जाऊन गठ्ठ्यावरच बसले.

बिस्मिल्ला दारातून हसली. "अंडे उबवता का शालूबाई?"

"तुहेच टाके हायत याच्यात. हास."

"गिऱ्हाईक तुटलं तं पुन्हा येनार नाही," काजल रडकुंडीला आली.

"तोडू नको. विचार तिले, बँकेत कोनतं घर हाय. आन् हेबी विचार, गोधडीत खोट काय दिसली."

"असं कोनी गिऱ्हाइकाले विचारते का?"

"मी विचारते."

तिकडे रात्र होती म्हणे. दुपारभर उत्तर नाही. जेवणही मी गठ्ठ्यावरच केलं.

संध्याकाळी उत्तर आलं. बाईचं नाव अनुपमा. दिवाळीत नव्या घरात गेली, बँकेत जुनंच घर राहून गेलं. आता जुना पत्ता टाकून पुन्हा पैसे भरते म्हणाली.

"हे तं चोरबी सांगते. खोटेचं काय लिवलं?"

काजल चाचरली. "लिवलं... तिची आई आपल्या इकडचीच, साखरखेर्डा गावची. ती म्हनते, गोधडीतल्या लाल लुगड्याचा रंग उतरेल, अन् कडेचे टाके फाकेल हायत."

"फाकेल?" बिस्मिल्ला ताडकन आत आली. "मेरे टाके?"

मी गठ्ठ्यावरून उठले. मोबाइल त्यानंतर वाजला.

"आई, जुळला पत्ता!"

"ते मले आधीच समजलं. लिही तिच्या मायले, लाल लुगडं मिठाच्या पान्यात भिजवूनच घेतलं हाय. आन् टाके फोटोत नाही, बोटानं पाह्य म्हनावं."

बिस्मिल्लानं तोवर गठ्ठा सोडून सुई ओवली होती. कडेचे टाके खरंच जरा फाकले होते. मी काही बोलले नाही. बोलले असते, तर तिनं माझ्या बाजूचे पाहिले असते.