शेऱ्याचा रकाना

दप्तर तिसऱ्यांदा उलटं केलं तरी वही सापडली नाही. कॉटवर पुस्तकं, कंपासपेटी आणि अर्धी खाल्लेली चिक्की. फ्रिजवर, जिथे तिची वही असायची तिथे, हुबेहूब तसल्याच निळ्या पुठ्ठ्याची बाबांची रफ वही पडलेली. वर्षाराणीने ती उघडली, आत नुसते आकडे. बाबा सकाळच्या पाळीला तिचीच वही घेऊन गेले होते.

तिचा बाप मारुती बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होता. दर तासाला पॅनलच्या गेजवरचं तापमान आणि दाब रफ वहीत टिपायचा, मग पक्क्या लॉगबुकात उतरवायचा, असं चौदा वर्षं चाललेलं. गेल्या दिवाळीत त्याने तसलीच एक कोरी वही लेकीला दिली. तीन रकाने: वेळ, रीडिंग, शेरा. पाचवीतल्या पोरीला खेळ मिळाला आणि तिने घराचं लॉगबुक सुरू केलं.

'६.१० आई उठली. तापमान साधारण. ७.०५ दूध उतू गेलं. तापमान वाढलं. धाकट्या विक्रमला धपाटा, दूध त्याने सांडलं नव्हतं तरी.'

हळूहळू रीडिंग मागे पडलं आणि शेराच तिन्ही रकाने अडवून बसला. शेजारची जमनामावशी वाटीभर साखरेला येऊन तासभर कशी बसते, आणि आई 'बसा की' म्हणत म्हणत घड्याळाकडे कशी बघते, हे कागदावर उतरलं की वर्षाराणीला इतका आनंद व्हायचा की ती एकटीच हसायची. निबंध लिहिताना असं कधी झालं नव्हतं. निबंधात गाय उपयुक्त पशू असायची, बस्स.

पण रविवारी तिने भलतंच लिहिलं होतं. 'बाबा पेपर लांब धरतात. हात पुरत नाही. मोठी अक्षरं वाचतात, बारीक सोडून देतात. आम्हाला वाटतं, वाचून झालं.' वाक्यं छान जमली म्हणून तिने ती दोनदा वाचलीही होती. आणि बाबा आईला काय म्हणाले होते, ते तिला पक्कं ठाऊक होतं: "डोळ्याचं कुणाला बोलू नगंस. पॅनलवरनं काढत्यात, मग गोण्या उचलाय लावत्यात."

पाचला दार वाजलं. मारुती आत आला तो सरळ मोरीत हातपाय धुवायला गेला. मागून त्याच्या पाळीतला, किनाऱ्यावरच्या नवापूरचा विश्राम.

"कुठं हाय ती लिवणारी?" विश्राम खुर्चीत बसत म्हणाला. "पोरी, तुजी वही आमी सगल्यांनी वाचली. जमनामावशीपाशी आलो तं चहा नाकातून आला माज्या!"

वर्षाराणी भिंतीला चिकटून उभी राहिली. तिची आई मंदा पदराला हात पुसत बाहेर आली. "वही कारखान्यात कशी गेली?"

"वहिनी, मारुतीभाऊने आज तिच्यातच रीडिंगा लिवल्या. कोरं पान बघून लिवत गेला. दुसऱ्या पाळीचा भाग्येश चार्ज घ्याया आला, त्याने मागलं पान उलटलं." विश्रामचा आवाज उतरला. "मंग ते पेपराचं आलं. वही साहेबाकडं गेली. साहेबाने भाऊला गेज वाचाया लावला."

"मग?"

"नाय वाचता आला."

मोरीतला नळ बंद झाला.

"रीडिंगा बरोबर होत्या, अंदाज पक्का हाय माणसाचा. पण एक दिवस चुकला असता तं? साहेबाने डॉक्टरकडं धाडला. सोमवारी चष्मा येल, तवर मी हाय बाजूला. पॅनल मारुतीभाऊचाच. साहेब तसा बोलला."

मंदाने देवाला हात जोडले आणि चहा टाकला. चहा पिऊन विश्राम गेला. मारुतीने पिशवीतून वही काढली आणि कॉटवर बसला. आता वही जाणार, आणि जायलाच हवी, असं वर्षाराणीला वाटलं. तिला रडू फुटलं.

"बाबा, ते पान मी फाडून टाकते."

"लॉगबुकाचं पान फाडायचं नसतंय." मारुतीने वही तिच्यापुढे धरली. "समद्या पाळीनं वाचलं. मीच तेवढा ऱ्हायलो. वाच, पयल्यापासनं."

तिने नाक पुसलं आणि वाचायला घेतलं. दुधापाशी मंदा खुदकन हसली. जमनामावशीपाशी तिने हात वर केला, "हळू वाच गं, भिंतीला कान असतात." मारुतीही हसला, मग त्याला जोराचा ठसका लागला. वर्षाराणीचा आवाज मोकळा होत गेला. आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडावर उमटताना बघणं इतकं गोड असतं, हे तिला नवीनच होतं.

रविवारपाशी ती थांबली.

"थांबलीस का?"

तिने वाचलं. 'हात पुरत नाही' एवढं घाईत म्हणून टाकलं.

"बरोबर लिवलंयस," मारुती म्हणाला. "पुढं?"

"पुढे तुमचं आहे."

"मग त्ये बी वाच."

मोठमोठे आकडे चौकटीबाहेर सांडले होते, एकावर एक चढले होते. वर्षाराणीने एकेका आकड्याखाली बोट ठेवलं आणि मघाच्याच मोकळ्या आवाजात वाचू लागली. "आठ वाजता, बासष्ट. नऊ वाजता, बासष्ट. दहा वाजता, चौसष्ट..."

मारुती डोळे मिटून दर आकड्याला मान हलवत होता.